वहीबाहेरचा वाचक

दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत पत्रलेखनाचा प्रश्न असतो. आता त्या पत्राचा साचा ई-मेलच्या वळणाचा झाला आहे. दिनांक, प्रति, विषय, मजकूर आणि शेवटी पाठवणाऱ्याचा ई-मेल पत्ता. मुलं तो पत्ता निळ्या शाईत अगदी नीटनेटका लिहितात. कुणी रोपवाटिकेकडे रोपं मागतं, कुणी पुस्तकांच्या दुकानदाराकडे सवलत मागतं. पत्र कुठेच जात नाही. बारावीच्या हिंदी युवकभारतीत तर ‘ब्लॉग लेखन’ असा स्वतंत्र पाठच आहे. ब्लॉग म्हणजे काय, तो लिहिताना काय काळजी घ्यावी, हे मुलं पाठ करतात, उत्तर लिहितात आणि गुण घेऊन मोकळी होतात. शाळेची इतकी वर्षं काढूनही त्यांनी लिहिलेली एखादी ओळ कुणा अनोळखी माणसाने वाचावी, असा प्रसंग बहुतेकांवर आलेला नसतो.

मी पुण्यात एका अनुदानित मराठी शाळेत भाषा शिकवते. मुलांना लिहायला शिकवायचं असेल, तर गुण देणाऱ्याखेरीज दुसरा कुणीतरी वाचक त्यांना मिळाला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आजच्या घडीला तो मिळवून देणारं सगळ्यात स्वस्त आणि हाताशी असलेलं साधन म्हणजे वर्गाचा ब्लॉग. तारखेनुसार लेख पडत जातात, नवा लेख वर येतो, खाली वाचणाऱ्याला उत्तर लिहिता येतं. यापलीकडे त्यात काही नाही. १९९९ साली ब्लॉगर आलं तेव्हापासून हे फुकट आहे आणि ज्याला फॉर्म भरता येतो त्याला ते जमतं. म्हणजे गेली पंचवीसेक वर्षं हे साधन आपल्यासमोर पडून आहे, आणि शाळेने ते मुलांच्या हाती जवळजवळ दिलेलंच नाही.

आधी वहीचं काय होतं ते सांगते. पन्नास-साठ निबंधाच्या वह्यांचा गठ्ठा दोन ऑफ तासांत तपासायचा असतो. शिक्षक ऱ्हस्व-दीर्घाखाली लाल रेघा ओढतो, खाली ‘छान’, ‘ठीक’, ‘अक्षर सुधारा’ असा शेरा मारतो आणि सही करतो. मूल वही हातात आल्यावर आकडा बघतं आणि मिटून ठेवतं. आपण काय म्हणालो ते समोरच्याला कळलं का, पटलं का, त्याला पुढे काही विचारावंसं वाटलं का, हे त्याला कधीच कळत नाही. मग ते लिहिण्याची मेहनत का घेईल? अप्पा बळवंत चौकात निबंधाची पुस्तकं रचून ठेवलेली असतात. त्यातला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ उतरवला की काम भागतं. आकाशात काळे ढग दाटून येतात, मोर थुईथुई नाचू लागतो, बळीराजा सुखावतो.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडवरच्या एकता नगरीतल्या सोसायट्यांत ते शिरलं. लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. तिथल्या कुणा मुलाला त्या वर्षी सहामाहीत ‘पावसाळ्यातील एक दिवस’ आला असता, तर त्याने काय लिहिलं असतं? मला भीती वाटते की मोरच. कारण परीक्षेतला वाचक मोराला गुण देतो हे त्याला पक्कं ठाऊक आहे. आपल्या जिन्याच्या कितव्या पायरीपर्यंत पाणी आलं होतं, आजीला कुणी उचलून आणलं, दप्तर आधी उचललं की मांजर, हे विचारणारं कुणी त्याच्यासमोर नाही.

शाळकरी मुलांच्या लिहिण्याला बाहेरचा वाचक मिळावा, ही काही परदेशातून आलेली टूम नाही. याच पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या मुलीने आपल्या लोकांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो वहीत राहिला नाही. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाने तो छापला. त्यात ती धर्माविषयी थेट प्रश्न विचारते, पेशवाईत गुलटेकडीच्या मैदानात तिच्या लोकांवर काय गुदरत होतं ते सांगते आणि आपल्या माणसांना शिका म्हणते. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी आपण तो निबंध वाचतो आहोत. त्या मुलीची कुवत असामान्य होती हे तर आहेच. पण शिक्षकांनी तिला खऱ्या प्रश्नावर लिहू दिलं आणि ते लिहिणं शाळेच्या भिंतीबाहेर गेलं, या दोन गोष्टी नसत्या तर ती कुवत कुणाला दिसलीच नसती. किती वर्गांतल्या किती मुक्ता लाल रेघांखाली गेल्या असतील, याचा विचार मी वह्या तपासताना करते आणि अस्वस्थ होते.

साने गुरुजी अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. मला त्यातलं ‘दैनिक’ फार मोलाचं वाटतं. रोजचा मजकूर, रोजचे वाचक, आणि ते वाचक एकाच छपराखाली राहणारे. पुढे आपल्या शाळांनी हस्तलिखिताची प्रथा उचलली खरी, पण त्याचं वार्षिक करून टाकलं. चांगल्या अक्षराच्या चार-पाच मुली ते लिहितात, चित्रकलेचे सर मुखपृष्ठ करतात, स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते प्रकाशन होतं आणि हस्तलिखित मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात कुलूपबंद होतं. एकच प्रत, मुलांना हात लावायची परवानगी नाही. मुलांसाठी मोठ्यांनी लिहिलेलं आपल्याकडे उदंड आहे. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून पुण्यातून निघतं आणि त्याचे जुने अंक आता नेटवर फुकट वाचता येतात. मुलांनी मुलांसाठी लिहिलेलं मात्र शोधावं लागतं.

आणि ब्लॉग म्हणाल, तर महाराष्ट्रातल्या शिक्षकांना तो नवा नाहीच. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाचे दिवस आले, ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द रूढ झाला आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी स्वतःच्या पदरच्या पैशाने, स्वतःच्या वेळात भराभर ब्लॉग उभे केले. त्यांच्या धडपडीबद्दल मला मनापासून आदर आहे. गरज पडली की मीही तिथेच जाते. पण तिथे काय सापडतं? शासन निर्णय, परिपत्रकं, वेतननिश्चितीचे तक्ते, टाचणाचे नमुने, चाचणीच्या प्रश्नपत्रिका. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या, वर्णनात्मक नोंदीसुद्धा तयार मिळतात. ‘स्वतःचे विचार स्वतःच्या शब्दांत मांडतो’ ही मुलाबद्दलची नोंद शिक्षक दुसऱ्याच्या शब्दांत उतरवून घेतो. हे ब्लॉग शिक्षकांचं कार्यालयीन ओझं हलकं करायला जन्मले आणि ते काम त्यांनी चोख केलं. वर्गातलं मूल त्यात कुठेच बोलत नाही.

मूल बोलू लागलं की काय होतं, याचं आमच्या सातवीतलं एक उदाहरण देते. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतून येणाऱ्या एका मुलीने ‘माझी आई’ लिहून आणलं. माझी आई भाजी विकते. ती पहाटे मार्केट यार्डात जाते. ती खूप कष्ट करते. मला माझी आई खूप आवडते. वहीत असतं तर मीच ‘छान’ लिहून दहापैकी सहा दिले असते. आम्ही ते वर्गाच्या ब्लॉगवर टाकलं. भोरकडच्या एका शाळेतला सातवीचा वर्ग आमचं वाचतो आणि आम्ही त्यांचं. तिथल्या एका मुलाने खाली लिहिलं, ‘आमची मेथी पण मार्केट यार्डातच येते. तुझी आई जुडी केवढ्याला घेते? केवढ्याला विकते? उरली तर काय करते?’

तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. रोज संध्याकाळी ती गाडीजवळ बसून गृहपाठ करते, पण हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. घरी जाऊन तिने विचारलं. पुढच्या आठवड्यात तिने दीड पान लिहून आणलं. पालेभाजी ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. वर पाणी मारतात, पण बेताने, कारण जास्त झालं की पानं काळी पडतात. रात्री आठनंतर गिऱ्हाईक जुडी हातात घेऊन भाव पाडतं आणि आई देऊन टाकते, कारण सकाळी ती कुणी घेणार नसतं. उरलेल्या मेथीची पानं खुडून पराठे होतात, आणि म्हणून आमच्या घरात मेथी कुणालाच आवडत नाही. हे शेवटचं वाक्य मी शिकवलेलं नाही. कुठल्याही निबंधमालेत ते सापडणार नाही.

मग भोरच्या मुलाने त्याच्या वडिलांना जुडीमागे काय सुटतं ते लिहिलं. दोन्ही वर्ग हिशेबाला बसले. शेतातून निघालेली जुडी पर्वतीच्या गाडीवर येईपर्यंत तिच्या भावात कोण कोण भर घालतं, टेम्पोचं भाडं किती, हमाली किती, अडत म्हणजे काय. गणिताच्या सरांनी शेकडेवारीचा एक अख्खा तास त्यावर घेतला. नागरिकशास्त्रात बाजार समिती शिकवायची होती, तीही याच ओघात झाली. ती मुलगी त्यानंतर लिहायला घाबरेनाशी झाली, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकते. गुण वाढले की नाही हे मी मोजलेलं नाही. पण पुन्हा लिहिण्याची गोडी तिला लागली, आणि पुनर्लेखन करून घेणं ही भाषाशिक्षकाची सगळ्यात अवघड गोष्ट असते. ‘परत लिहून आण’ म्हटलं की मुलांना ती शिक्षा वाटते. वाचकाने विचारलं की ते उत्तर होतं.

यातली मेख अशी की वाचक आपोआप येत नाही. ब्लॉग उघडला, दहा लेख टाकले आणि खाली कुणी काही लिहिलंच नाही, तर तो भित्तिपत्रकाहूनही केविलवाणा होतो. भित्तिपत्रक निदान जाता-येता दिसतं तरी. इंग्लंडमध्ये बोल्टनच्या एका प्राथमिक शाळेच्या उपमुख्याध्यापकाने २०११ च्या सुमारास यावर साधा उपाय काढला. चार शाळांची चौकडी करायची. एका आठवड्यात एका वर्गाने लिहायचं आणि बाकी तिघांनी वाचून उत्तरं द्यायची. पुढच्या आठवड्यात दुसऱ्याची पाळी. वाचक ठरलेला, वेळ ठरलेली. पाहता पाहता ही पद्धत अनेक देशांतल्या शाळांत पोहोचली.

पुण्यात अशा चौकड्या बांधायला जी विविधता हवी ती दारात आहे. एक महानगरपालिकेची शाळा, एक पेठेतली जुनी मराठी शाळा, एक भोर-मुळशीकडची जिल्हा परिषदेची आणि एक कोथरूड-बाणेरची इंग्रजी माध्यमाची. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. इंग्रजी शाळेतल्या मुलाला ती परीक्षेपुरती वाटते, कारण मराठीत त्याला कुणाला काही सांगायचं नसतं. भोरचा मुलगा त्याच्या उत्तराची वाट बघतोय म्हटल्यावर चित्र पालटेल. ही मुलं एकाच जिल्ह्यात राहतात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. त्यांच्या पालकांचीही भेट होते ती गिऱ्हाईक आणि विक्रेता म्हणूनच.

आता आक्षेप. पालकसभेत हा विषय काढला की पहिला सूर मोबाईलचा लागतो. ‘आधीच डोकं वर काढत नाहीत, त्यात तुम्ही आणखी इंटरनेट देताय.’ पालकांची ही काळजी खोटी नाही. २०२४ च्या ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीच्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणारी ८२ टक्के निघाली. आदल्या आठवड्यात शिक्षणासाठी फोन वापरला असं ५७ टक्क्यांनी सांगितलं, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्क्यांनी. शहरात याहून वेगळं असेल असं मानायला मला तरी कारण दिसत नाही. पण वर्गाच्या ब्लॉगला मुलाच्या हातात फोन लागतच नाही. लिहायचं कागदावर, दुरुस्ती कागदावर. आठवड्यातून एक तासिका संगणक कक्षात, तिथे दोघं-दोघं मिळून टंकायचं. एकच संगणक चालू असेल तरी भागतं, आमचं तसंच भागतं. भोरच्या वर्गाची उत्तरं मी छापून फळ्याशेजारी लावते. इंटरनेट म्हणजे फक्त बघत राहायची जागा, हे मुलांच्या मनात घट्ट बसलंय. तिथे आपण काही ठेवूही शकतो, आणि ठेवण्याआधी तीनदा वाचायचं असतं, हे शाळेने नाही शिकवायचं तर कुणी?

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आहे आणि तो पहिल्याहून वजनदार आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला. त्याच्या लेखी अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण बालक आहे, आणि बालकाची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. म्हणून नियम कडक हवेत आणि ते पहिल्या दिवशी ठरायला हवेत. मुलांची खाती उघडायची नाहीत; खातं शाळेचं. लेखाखाली आडनाव नाही, इयत्तेची तुकडी नाही, घराचा पत्ता नाही, मुलांचे फोटो तर नाहीतच. खालची प्रत्येक प्रतिक्रिया आधी शिक्षकाने वाचायची, मग दिसू द्यायची. ब्लॉगरमध्ये ही सोय आहे. पहिलं वर्षभर तो फक्त जोडीदार वर्गांना दिसेल असा ठेवला तरी चालेल. पालकांचं संमतिपत्र लेखी घ्यायचं, आणि ‘माझ्या मुलीचं नको’ म्हणणाऱ्या पालकाला त्याचं कारण विचारायचं नाही. एवढं सगळं करून ब्लॉग चालतो. उलट बक्षीस समारंभाचे फोटो मुलांच्या पूर्ण नावानिशी, इयत्तेसकट समाजमाध्यमांवर टाकणाऱ्या शाळा कितीतरी आहेत, आणि तिथे संमतीचा कागद कुणी मागत नाही. मुलांचं लिहिणं धोक्याचं वाटतं आणि त्यांचे चेहरे टाकणं नाही, हा हिशेब मला उमगत नाही.

तिसरा आक्षेप खास पुण्याचा. ‘शुद्धलेखनाच्या एवढ्या चुका असलेलं शाळेच्या नावाने बाहेर जाणार?’ शाळेची अब्रू वगैरे. मी स्वतः शुद्धलेखनाबाबत ढिली नाही. पण मी बघते ते असं आहे की चूक दुसऱ्या गावातल्या मुलांना दिसणार म्हटल्यावर माझी मुलं आपणहून कोश उघडतात, एकमेकांची वेलांटी पकडतात. लाल रेघेने हे कधी झालं नव्हतं. मात्र बोली ही चूक नव्हे, हे शिक्षकाने आधी स्वतःच्या मनाशी पक्कं करायला हवं. ‘आई बाजाराला गेलती’ असं मुलाने लिहिलं तर त्याच्या तोंडचं ते वाक्य तसंच राहिलं पाहिजे. आमच्या वर्गात घरी कैकाडी बोलणारी, वडारी बोलणारी, कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलं आहेत. त्यांचं सगळं बोलणं सदाशिव पेठी करून छापायचं असेल, तर ब्लॉग काढूच नये.

आणि आता नवा प्रश्न. मुलं यंत्राकडून लिहून आणतील. आणतीलच, आजही आणतात. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं, आणि अप्पा बळवंत चौकातला मोर आता घरबसल्या काही सेकंदांत नाचू लागला. विषय ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असेल तर यंत्र मुलापेक्षा बरंच लिहील, आणि त्यात नवल नाही. तो निबंध आधीपासूनच कुणाचाही नव्हता. पण तुझ्या आईच्या गाडीवर रात्री आठनंतर काय होतं, हे यंत्राला माहीत नाही. दोन आठवड्यांनी भोरहून येणारा प्रश्नही त्याला माहीत नाही. खरा वाचक असला की नक्कल टिकत नाही, कारण तो पुढचा प्रश्न विचारतो. यंत्राला घाबरून वर्गात कोऱ्या कागदावर पाठांतर घेणाऱ्यांपेक्षा हा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो.

शिक्षकांच्या ओझ्याचं मात्र मी टाळणार नाही. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहिती-प्रणालीतल्या नोंदी, मतदारयाद्यांची कामं, रोज नवी लिंक, रोज नवी माहिती तातडीने पाठवा. त्यात ब्लॉगची भर घालणं हा अन्याय होईल. म्हणून माझी शिक्षण खात्याला कळकळीची विनंती आहे की याचं परिपत्रक काढू नका. ‘जिल्ह्यातील सर्व शाळांनी अमुक तारखेपर्यंत ब्लॉग तयार करून लिंक भरावी’ असा आदेश निघाला, की महिन्याभरात हजारो ब्लॉग तयार होतील आणि प्रत्येकावर मुख्याध्यापकांचं मनोगत, शाळेचा इतिहास आणि वृक्षारोपणाचे फोटो असतील. मूल परत गायब. खात्याला द्यायचीच असेल तर सूट द्यावी. ज्या वर्गात मुलं वर्षभर अशी लिहितात, तिथल्या आकारिक मूल्यमापनात उपक्रम आणि प्रकल्प म्हणून तेच धरलं जावं. बाजारातून आणलेल्या प्रकल्पवह्या भरायला लावू नयेत. निबंधाच्या दहा वह्या तपासण्याऐवजी शिक्षकाने दहा मुलांशी त्यांच्या लेखावर बोलावं. वेळ तेवढाच लागतो.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. शिक्षकांचे कितीतरी ब्लॉग त्यांची बदली झाली की थांबतात. मुलांचा ब्लॉग शिक्षकाच्या खाजगी खात्यावर असूच नये. खातं शाळेचं, पासवर्ड मुख्याध्यापकांकडे आणि आणखी एका शिक्षकाकडे. वर्षाअखेरीला सगळे लेख छापून, शिवून वाचनालयात ठेवावेत. काचेच्या कपाटात नव्हे, मुलांच्या हाताशी.

सगळ्यात कठीण परीक्षा मुख्याध्यापकांची असणार आहे. २०१२ साली स्कॉटलंडमधली एक नऊ वर्षांची मुलगी वडिलांच्या मदतीने आपल्या शाळेतल्या जेवणाबद्दल ब्लॉग लिहायला लागली. ताटाचा फोटो, चव कशी होती, घास किती आले, दहापैकी किती गुण. जगभरातली मुलं तिला आपल्या शाळेतल्या जेवणाचे फोटो पाठवू लागली. मग स्थानिक प्रशासनाने तिला फोटो काढायला बंदी केली. त्यावर एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी बंदी मागे घ्यावी लागली, आणि गरीब देशांतल्या मुलांना शाळेत जेवण देणाऱ्या संस्थेसाठी ती जो निधी गोळा करत होती, तो बघता बघता एक लाख पौंडांच्या वर गेला.

आपल्याकडे उद्या एखाद्या मुलाने लिहिलं की आजची खिचडी कच्ची होती, किंवा मुलींच्या स्वच्छतागृहाला आठवडाभर कडी नाही, तर? बहुतेक शाळांत तो लेख थांबवला जाईल, हे मला माहीत आहे. शिक्षकालाही बोलावून घेतलं जाईल. मी थांबवणार नाही, पण तसाच पुढेही ढकलणार नाही. मी त्या मुलाला म्हणेन, तू स्वतः पाहिलंस का? आणखी कुणाला विचारलंस? खिचडी शिजवणाऱ्या मावशींना विचारलंस का, गॅस संपला होता की तांदूळच तसा आला होता? त्यांचं म्हणणंही लिही, आणि आधी हे पत्र म्हणून मुख्याध्यापकांना दे. त्यांनी दोन दिवसांत उत्तर दिलं तर लेखात तेही घाल. नागरिक घडवायचे म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? तक्रार खरी असावी, दुसरी बाजू ऐकून घेतलेली असावी, भाषा सभ्य असावी आणि तरीही ती केली जावी. मुलगा हे सातवीत शिकला, तर पुढे समाजमाध्यमांवर नाव लपवून शिव्या देणाऱ्यांत तो बसणार नाही, अशी मला आशा आहे. आणि शाळेला जर कडीबद्दलचा लेख सहन होणार नसेल, तर तिने आधी कडी बसवावी.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी जूनमध्ये, शाळा उघडल्यावर लगेच, एकच इयत्ता घेऊन सुरुवात करावी. पहिले पंधरा दिवस फक्त वाचावं आणि प्रश्न विचारायला शिकावं, कारण ‘खूप छान, असेच लिहीत राहा’ हे मुलं मोठ्यांकडून शिकलेली असतात आणि ते पुसायला वेळ लागतो. आमच्या सातवीला सध्या भोरचा एकच जोडीदार वर्ग आहे. चौकडी पुरी व्हायला आणखी दोन हवेत. एक महानगरपालिकेच्या शाळेचा आणि एक इंग्रजी माध्यमाचा, जिथल्या मुलांना मराठीत लिहायला कुणीतरी हवं आहे. मेथीचा विषय अजून संपलेला नाही. सोसायटीच्या दारात जुडी केवढ्याला पडते, हे आम्हाला विचारायचं आहे.